दोन तोंडांचा चमचा

चामोर्शीत खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीण बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, खाणंपिणंही विचारलं नाही. मिठाची वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, "भाऊ, चिमूटभर उचला."

मला वाटलं, परक्या माणसाची नजर उतरवायची इकडची काही रीत असेल. उचलली चिमूट. बाईंनी सोनाराकडं असतो तसला इवलासा तराजू काढला. "टाका इथी." टाकली. दुसऱ्या पारड्यात त्या एकेक गुंज सोडत गेल्या, आपल्या जंगलातल्याच लाल-काळ्या गुंजा. पारडी सारखी झाली तसं माझ्याकडं असं काही पाहिलं, की माझ्या सात पिढ्यांचा पत्ता लागला असावा. "सहा," म्हणाल्या. "ठीक हाये. घ्या खोली."

दारामागची भिंत खडूनं भरलेली होती. पोस्टमन चार. शाळेतल्या बाई पाच. पानठेलेवाला नऊ. सरपंचापुढं दोन आकडे होते, कारण पहिला आकडा त्याला पटला नव्हता आणि त्यानं पुन्हा चिमूट घेऊन दाखवली होती. सगळ्यात खाली माझी नोंद झाली, "लाइटवाले भाऊ, सहा". त्या घरात मी तीन वर्षं काढली, पण बाईंनी माझं नाव शेवटपर्यंत विचारलं नाही.

खोलीला अट एकच होती. "संध्याकाळी हँडल मारायले हात लावा लागंल."

"कशाचं हँडल?"

"दिसंल."

दिसलं. मागच्या पडवीत, जिथं बाकीच्यांच्या घरी धान कांडायची ढेकी असते, तिथं बाईंचं मशीन उभं होतं. जाड लोखंडी खांब, त्याला हातभर उभी नळी, नळीभोवती हिटरचा पट्टा आणि वर हापशीला असतो तसा लांब दांडा. नळीत वरून प्लास्टिकचा दाणा टाकायचा, साबुदाण्याएवढा. नळी तापली की तो आत वितळतो. खाली साचा लावायचा, म्हणजे ॲल्युमिनियमची दोन अर्धुकं एकमेकांवर घट्ट आवळलेली. मग दांड्याला जीव खाऊन लोंबकळायचं. वितळलेला माल साच्यात शिरतो, थंड झाल्यावर साचा उघडला की आत वस्तू तयार. नागपूरच्या एका बटणवाल्यानं धंदा मोडला, त्याचं हे मशीन बाईंनी ट्रकवर घालून आणलं होतं. रिटायर झालेल्या बायका तीर्थयात्रेला जातात. मार्कंड्याचं महादेवाचं देऊळ इथून हाकेच्या अंतरावर, महाशिवरात्रीला अख्खा तालुका तिकडं लोटायचा. बाईंच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात देव नव्हते. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली तराजू आणि पडवीत हे मशीन. सुट्टीचा दिवस म्हणजे बाईंच्या मते जास्त चमचे.

हो, चमचे. बाई एकच वस्तू बनवायच्या. दोन तोंडांचा चमचा. दांडी मधे, एका टोकाला बारकी वाटी मिठाची, दुसऱ्या टोकाला मोठी वाटी साखरेची. पोराला हगवण लागली की एक पेला उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, इकडून एक सपाट मीठ, तिकडून एक सपाट साखर, ढवळायचं आणि पाजत राहायचं. बस्स. एवढ्यासाठी हा सगळा कारखाना. दाण्याच्या व्यापाऱ्यानं त्यांना गुलाबी रंगाची पोती गळ्यात मारली होती, त्यामुळे आमचे चमचे गुलाबी. नुसते गुलाबी नाहीत, जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यासारखे गुलाबी.

बाई अडतीस वर्षं सरकारी नर्स होत्या. तालुक्यातली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, आणि ते त्या कोणाला विसरू द्यायच्या नाहीत. साचा थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. आपण एक-दोन-तीन मोजू. बाई जन्माला घातलेल्या पोरांची नावं घ्यायच्या. "पुंडलिक, शेवंता, देवाजी, वच्छला, वच्छलाची बहीण…" तिसाव्या नावाला साचा उघडायचा. यातला देवाजी आता तहसिलीत शिपाई होता, मोठ्या मिशांचा. तो रस्त्यानं जाताना पडवीतून आपलं नाव ऐकायचा आणि मान खाली घालून पाय उचलायचा. एकदा मीच घाईनं चोविसाव्या नावाला साचा उघडला. चमचा वाकडा निघाला. बाई म्हणाल्या, "सहा लेकरायचा घात केला तुमी."

मशीनच्या भाषेतही त्यांनी दवाखानाच आणला होता. साच्याच्या तोंडाशी चमच्याला प्लास्टिकचं एक शेपूट चिकटून येतं. बाई त्याला नाळ म्हणायच्या आणि जुन्या कात्रीनं कापायच्या. माल कमी पडून साखरेची वाटी अर्धीच भरली, तर तो चमचा अधुरा. उलटा वळला तर पायाळू. "आज किती झाले?" असं शेजारणीनं विचारलं, की बाई सांगायच्या, "चाळीस सुखरूप, तीन अधुरे, एक पायाळू." शेजारीण नवी होती तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता म्हणे.

आता माझं. मी कोरपन्याकडचा, कापसाच्या मुलखातला. लाइटच्या ऑफिसात कारकून. खांबावर जन्मात चढलो नाही, चढणाऱ्यांच्या रजेचे अर्ज फाइलला लावायचो. पण बाईंच्या लेखी साऱ्या तालुक्याची वीज माझ्या खिशात. दिवेलागणीला घरोघरी बल्ब लागले की हिटर मंदावायचा, माल साच्यात अर्ध्यावर गोठायचा. लगेच हाक यायची, "भाऊ, तुमची लाइन आजारी हाये!" मी म्हणायचो, बाई, मी कारकून आहे. "मंग अर्ज लिहा तिच्या नावानं." रागावल्या की भाऊचा 'बे' व्हायचा. "काय बे, कालपासून अधुरेच येऊन राह्यले! ऑफिसात झोपा काढता का?" पांढरं पातळ, पांढरे केस, साठीची बाई आणि तोंडात 'काय बे'.

चहाही त्या चमच्यानंच. पाहुण्याला मोजून एक सपाट साखर. कोणी म्हटलं, बाई, जराशी अजून, तर डोळे वटारायच्या. "जराशी कोणाची?" हा त्यांचा मंत्र. रेडिओवर कोणी पाककृती सांगताना म्हटलं, चवीपुरतं मीठ, की या इथून ओरडायच्या, "चव कोणाची?" सरपंच म्हणाला, थोडी मदत करू, तर म्हणाल्या, "थोडी कोणाची? तुमची का माही?" माणसं त्यांना घाबरून नेमकं बोलायला लागली होती.

आम्ही हसायचो. मीही हसलो, सुरुवातीचे काही दिवस. मग एका रविवारी नाळा कापता कापता त्यांनी सांगितलं.

नाल्यापलीकडं जंगलाच्या अंगाला एक गाव आहे. अकरा वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिथं हगवणीची साथ आली. बाई एकट्या, घरं चाळीस. घरोघरी सांगत सुटल्या, पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ, मूठभर साखर, पाजा. गावच्या गायक्याचं पोरगं दीड वर्षाचं. गायकी म्हणजे गावाची गुरं राखणारा, धिप्पाड माणूस, हात फावड्याएवढे. बायको बाळंतपणातच गेलेली, घरात मोठी पोरगी तेवढी. त्यानंच पाणी केलं, त्याच्या चिमटीनं. पोरगं पिईना, तर त्यानं बळंच पाजलं. पेल्यामागून पेला, दर वेळी त्याची चिमूट. बाई फिरून आल्या तोवर पोरगं गेलं होतं.

"उरलेलं पाणी म्या चाखून पाह्यलं," बाई म्हणाल्या. "समुद्र होता, भाऊ. खारा समुद्र. त्यानं तर जसं सांगतलं तसंच केलं. म्या म्हनलं चिमूटभर. चिमूट कोणाची, हे म्या नाई सांगतलं."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "काय करू? बाजूच्या घरी तेच चालू होतं. रडायले वेळ कुठी होता. रडायचं राह्यलं, ते राह्यलंच." आणि कात्री उचलून पुन्हा नाळा कापायला लागल्या.

त्यानंतर मी भिंतीवरच्या आकड्यांना हसलो नाही. हँडलला मात्र शिव्या घालायचो, कारण तळहाताला फोड यायचे ते यायचेच.

साच्याचं रामायण तर विचारू नका. बाईंनी गुंजांनी मोजून मोजून स्टीलचे दोन चमचे पसंत केले होते. एकात मीठ बरोबर बसायचं, दुसऱ्यात साखर. चंद्रपूरच्या लेथवाल्याला ते देऊन सांगितलं, हुबेहूब या मापाचा साचा कर. त्यानं केस इकडचा तिकडं न होऊ देता केला. पहिले दोनशे चमचे निघाले, बाई खूश, मीठ भरून तराजूत टाकलं, तर एक गुंज कमी. पुन्हा मोजलं. पुन्हा कमी. तशाच एसटीनं चंद्रपूर. मी सोबत, म्हणजे पोतं उचलायला.

लेथवाला शांत माणूस. चमचा हातात फिरवून म्हणाला, "बाई, प्लास्टिक थंड झालं का आकसते. साचा मोठा करा लागते."

"मंग आंधी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी म्हनलं हुबेहूब. हुबेहूब केला."

बाई काहीतरी कडक बोलणार होत्या, पण तोंड मिटलं. परतीच्या एसटीनं मूल गाव गाठलं. मग म्हणाल्या, "त्याची काय चूक. जसं सांगतलं तसंच केलं त्यानं." मला वाटलं, लेथवाल्याबद्दल बोलतायत. गाडी बरीच पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साचा तीनदा करवला. आधीचे सगळे चमचे अडकित्त्यानं तुकडे करून पुन्हा नळीत गेले. ते तुकडे करणारा अर्थातच मी. तेव्हापासून बाईंना नवं वाक्य सापडलं, "गरम असतानी मोजू नये." निवडणुकीच्या सभेवरून लोक भारावून आले, की बाई: गरम हाये, थंडं होऊ द्या. शेजारच्या पोराचा साखरपुडा झाला: थंडं होऊ द्या. आणि माझं लग्न तर त्यांनी होण्याच्या आधीच थंड केलं.

वणीची एक मुलगी सांगून आली होती. मला फार आवडली होती, खोटं कशाला बोलू. त्यांच्याकडून होकार आला, मी पेढे आणले. बाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड हाये. थंडं होऊ द्या." पंधरवड्यानं घरून पत्र. मुलगा जंगलात नोकरीला आहे म्हणून त्यांनी नाही म्हटलं. रविवारची भर दुपार, मी खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलो आणि मला रडू कोसळलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाईंच्या ट्रेनिंगात शिकवलं होतं, की हे मीठ-साखरेचं पाणी डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. घरात तराजू नसला तरी ही परीक्षा कोणालाही करता येते. फक्त बाईंना करता येत नव्हती. "मले चाळीस वर्सांत रडू आलं नाई. आसू कसे लागते, मले काय ठाऊक?" कांदे कापून पाहिले, पण कांद्याचं पाणी त्यांना मंजूर नव्हतं. ते खोटं म्हणे, खरं रडू पाहिजे. आणि खरं रडणारं माणूस हाताशी मिळत नव्हतं.

तर मी रडतोय. हुंदका बाहेर गेला असावा. दार धाडकन उघडलं आणि बाई आत, हातात पेला. मी लाजून बाही डोळ्याला लावणार, तोच ओरडल्या, "भाऊ, पुसू नका!"

मी दचकलो. हुंदकाच अडकला.

"रडत राहा. चाखा आंधी ते. चाखलं? आता हे चाखा. कोणतं खारट हाये?"

काय सांगू तुम्हाला. वणीची पोरगी गेली, आयुष्याची राख झाली, आणि मी ओठावरचा थेंब चाटून पेल्यातलं पाणी पितोय. वर नीट विचार करून उत्तरही दिलं, की डोळ्यातलं जरासं खारट वाटतं. "जरासं कोणाचं?" बाई म्हणाल्या. पुन्हा चाखायला लावलं. तोपर्यंत रडू संपलं होतं. बाई फार नाराज झाल्या. जाता जाता म्हणाल्या, "पोरगी बावळी हाये. पण तुमी अजून पाच मिनटं रडले पाह्यजे होते."

त्या उन्हाळ्यात, मोहफुलांचे दिवस सरत असताना, आम्ही दोनशे चमचे घेऊन नाल्यापलीकडच्या त्या गावात गेलो. घरटी चार. पिंपळाखाली बाया जमल्या, बाईंनी पाणी करून दाखवलं. पहिल्याच घासाला खडा. शब्दशः खडा. बाईंनी सगळी मापं चामोर्शीच्या दुकानातल्या बारीक मिठावर बसवली होती आणि या गावात प्रत्येक मडक्यात होतं खडे मीठ. चमच्याच्या बारक्या वाटीत एकच खडा बसून डुलायला लागला. बाया खुदुखुदु हसल्या. आणि साखर? सणाला दिसली तर दिसली. घरात गूळ.

मला वाटलं, संपलं. बाईंनी पदर खोचला. "खडा आंधी पाट्यावर वाटा. पार पिठावाणी. गूळबी फोडून चुरा. मंग सपाट भरा. बोट लावायचं नाई, चिमूट घ्यायची नाई. चमचा म्हनजे चमचा."

पाठीमागून एक म्हातारा पुढं आला. धिप्पाड, वाकलेला, कमरेला तंबाखूची चंची. मी हातांकडं पाहिलं आणि मला कोणी सांगावं लागलं नाही. तो बाईंसमोर बसला आणि म्हणाला, "बाई, माही चिमूट मोजा."

बाई म्हणाल्या, राहू द्या. त्यानं हात पुढं केला तो केलाच. मीठ उचललं, पारड्यात टाकलं. बाई गुंजा सोडत राहिल्या. दहा झाल्या, बारा झाल्या. सगळं गाव बघत होतं. चौदाव्या गुंजेला पारडी सारखी झाली.

"चौदा," म्हातारा म्हणाला.

"चिमूट मोठी हाये," बाई म्हणाल्या, "हा काई तुमचा गुन्हा नाई, भाऊ. सांगणारीचा हाये." आणि त्याच्या हातात एक चमचा ठेवला. तो कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत होता.

आता इथं गोष्ट संपली असती तर मी बाईंचं कौतुक करून मोकळा झालो असतो. पण महिन्याभरानं चामोर्शीच्या आठवडी बाजारात बाई भाजी घेत होत्या आणि मी पिशवी धरून उभा होतो. समोर सुकटवाल्याच्या शेजारी तोच म्हातारा उकिडवा बसलेला. चंची उघडली, आतून आमचा गुलाबी चमचा काढला. मोठ्या तोंडानं तंबाखू घेतला. बारक्या तोंडानं डबीतला चुना. तळहातावर घेऊन चोळायला लागला.

मी बाईंना दुसरीकडं वळवायला गेलो, पण उशीर झाला होता. त्या तरातरा पुढं गेल्या. म्हाताऱ्याला बाई दिसल्या तसा तो आनंदानं उठलाच. "बाई! का चमचा बनवला तुमी! आंधी चुना जास्त झाला का तोंड भाजे. आता नाई भाजत. एकदम बराबर माप येते." आणि खुशीत पुढं म्हणाला, "गावात समद्याच गड्यायजवळ हाये. बायायनं आपापले पेटीत ठेवले. नवी वस्तू हाये ना, खराब होईन."

बाई तशाच वळल्या. 'काय बे'सुद्धा नाही. भाजी तिथंच राहिली. घरी आल्या, हिटरची पिन काढली आणि मशीनवर गोणपाट टाकला. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, हँडल मारायचं ना? म्हणाल्या, "कायले? लोकायचा तंबाखू मोजायले? लेकरू मरू नये म्हून चमचा केला, अन् हे चुना लावून राह्यले. पावसाळा झाला का मशीन इकून टाकतो." नर्सबाई 'टाकतो' म्हणाल्या, तिकडं बाया तसंच बोलतात, पण त्या दिवशी मला तो आवाज खरंच थकलेल्या गड्याचा वाटला. तळहाताचे फोड बरे होत होते आणि मला त्याचं काडीचं सुख नव्हतं. संध्याकाळी पडवीत नावं ऐकू येईनात. तहसिलीतला देवाजी एकदा दाराशी थांबून विचारून गेला, बाई आजारी हायेत का?

मग ऐन रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत पाऊस लागला. नाला चढला, तो सात दिवस उतरला नाही. पाचव्या दिवशी पलीकडच्या काठावरून कोणी ओरडून सांगितलं की गावात हगवण सुरू झाली. बाई रोज सकाळी नाल्यापर्यंत जायच्या, पाणी बघायच्या आणि यायच्या. जेवत नव्हत्या. मी काही बोललो तर "हं" म्हणायच्या. आठव्या दिवशी पाणी उतरून मांडीपर्यंत आलं. मी रजेचा अर्ज टाकला, माझा स्वतःचा, आणि सायकली खांद्यावर घेऊन आम्ही उतरलो. बाईंच्या पिशवीत औषधं होती. सगळ्या वाटेनं त्यांच्या तोंडून फक्त एकच वाक्य आलं, "पेटीत ठेवले ना बायायनं."

त्या सरळ गायक्याच्या घरी गेल्या. अंगणात ओलं लाकूड धुमसत होतं. म्हाताऱ्याच्या पोरीची पोरगी, दोन वर्षांची, डोळे खोल गेलेले, पण मांडीवर परात घेऊन तांदळाची पेज ओरपत होती. बाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, टाळूवर हात फिरवला. पोरगी त्यांच्याकडं बघून भोकाड पसरणार होती, पण पेज महत्त्वाची होती.

"तीन दिवस पान्यावाणी लागली होती," म्हातारा म्हणाला. "हिची माय रोवण्याले गेली ते त्या अंगालेच अटकली. पेटीले कुलूप, किल्ली तिच्या कमरेले. माहा चमचा चंचीत होता."

"तंबाखूचा?" बाई म्हणाल्या.

"राखेनं घासला. तीनदा. मंग पान्यात उकळला. मीठ पाट्यावर वाटलं, गूळ चुरला. सपाट भरला, काडीनं." तो थांबला. मग दोन्ही हात पुढं करून दाखवले, ते फावड्याएवढे हात. "बोट नाई लावलं मिठाले, बाई. डावा हात तर मांगंच धरला होता. रातंदिवस पाजलं. मंग बाजूच्या घरी लेकरू लागलं, ते बी पाजलं. गावात गड्यायच्या चंच्या होत्याच. नऊ लेकरं होती. नऊच्या नऊ हायेत."

बाईंनी चमचा मागितला. नाकाशी धरला. "वास येते बे अजून तंबाखूचा," म्हणाल्या. "नीट घासत जा." आवाज कडक होता, पण शेवटचा शब्द फुटला. त्या वळल्या आणि कुडाच्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी बघत होतो. पांढऱ्या पातळाचा पदर हळूहळू वर चालला होता. मला काय झालं कोण जाणे. मी अंगणाच्या या टोकाहून ओरडलो, "बाई, पुसू नका!"

पदर तिथंच थांबला. मी म्हाताऱ्याला खूण केली. त्यानं लगबगीनं पेलाभर पाणी घेतलं, त्याच गुलाबी चमच्यानं एक सपाट मीठ, एक सपाट गूळ, ढवळलं, आणि बोट न लावता पेला माझ्या हातात दिला. मी तो बाईंपुढं धरला. त्यांच्या दोन्ही गालांवरून धारा लागल्या होत्या आणि अडतीस वर्षं नोकरी केलेली ती बाई गोंधळून माझ्याकडं बघत होती. मग त्यांनी ओठावरचं पाणी जिभेनं टिपलं. पेल्यातला एक घोट घेतला. डोळे मिटले. पुन्हा ओठ चाटले, पुन्हा एक घोट घेतला.

"बराबर हाये, भाऊ," म्हणाल्या. "तिळाचाबी फरक नाई."